बंगलोरचं स्थळ

“आक्का, तुला एक स्थळ बघायला जायचंय,” आप्पा म्हणाले आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

आत्यानं सुपारी कातरता कातरता अडकित्ता थांबवला. “कुनासाठी?”

“हेमासाठी.”

“अगं बया! आनि पोरीचं शिक्षान?”

“शिक्षणाचंच सांगतोय. मुलगा नाही, कॉलेज बघायचंय. बंगलोरला.”

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की घाबरली होती ते मला कळलं नाही. मी मात्र घाबरलेच होते. सत्त्याण्णव सालचा जून महिना, मी नुकतीच बारावी पास झालेली, आणि आमच्या फलटणात सगुणाआत्या स्थळ बघायला निघाली म्हटलं की भल्याभल्यांच्या घरी झाडलोट सुरू व्हायची.

आप्पांच्या दृष्टीनं माझ्या शिक्षणाचा विषय खरं तर संपला होता. कराडला मेकॅनिकलला माझा नंबर लागला होता. आप्पांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं, ‘भोईटे मोटार ड्रायव्हिंग स्कूल’. निम्म्या फलटणला त्यांनी गाडी चालवायला शिकवली होती आणि उरलेल्या निम्म्याला त्यांच्या शिकाऊंपासून लांब उडी मारायला. मेकॅनिकल म्हणजे गाडी आणि गाडी म्हणजे आपलं घरचंच, असा त्यांचा साधा हिशोब. मी लहान असल्यापासून सकाळच्या पहिल्या शिकाऊबरोबर आप्पा मलाही फियाटच्या मागच्या सीटवर बसवून न्यायचे. “कानावर पडत राहतं, आपोआप शिकेल,” असं ते आईला सांगायचे. मी मागं बसून शिकाऊंच्या फजितीवर खिदळायची आणि शाळेची वेळ झाली की उतरून जायची. कॉलेजला गेले तरी हा नेम चुकला नव्हता.

पण माझं डोकं सहावीतच फिरलं होतं. आमच्या शेजारच्या गावात ज्वारी काढून मोकळ्या झालेल्या रानात एक शिकाऊ विमान उतरलं होतं. उतरलं म्हणजे उतरवावं लागलं होतं. चालवणारा पोरगा बाभळीखाली बसून कुणाच्या तरी कळशीतलं पाणी पीत होता, त्याला खरचटलंही नव्हतं. पण विमानाचा एक पंख बांधाला घासून फाटला होता. सगळं गाव त्या पोराभोवती जमलं आणि मी त्या फाटक्या पंखात डोकं घालून उभी राहिले. आत पातळ पत्र्याच्या फासळ्या होत्या आणि प्रत्येक फासळीला मोठी मोठी गोल भोकं. मला वाटलं, कुणीतरी पत्रा चोरलाय. घरी येऊन मी आप्पांना तसं सांगितलंही. पुढं शाळेत ज्या ज्या सरांना विचारलं त्यांनी मला गप्प बसवलं. त्या भोकांनी माझी पाठ काही सोडली नाही. बारावीत मी हट्टानं बंगलोरच्या एका जुन्या खासगी कॉलेजात विमानाच्या इंजिनिअरिंगसाठी अर्ज केला आणि त्यांनी चक्क मुलाखतीला बोलावलं. पालकांसह या, असं कळवलं होतं.

“मला सीझनमधून हलता यायचं नाही,” आप्पा म्हणाले. “आक्का जाईल. आक्का म्हणेल ते शेवटचं. ती हो म्हणाली तर बंगलोर, नाही म्हणाली तर कराड. कबूल?”

“कबूल!” मी जवळजवळ ओरडलेच. आत्याचा माझ्यावर जीव होता. माझ्या बाजूचाच पंच नेमला गेलाय अशी माझी समजूत झाली. नंतर आप्पा आत्याला घेऊन बाहेर फियाटपाशी गेले आणि बराच वेळ बोलत राहिले, तेव्हा ते रेल्वेच्या गाड्यांचं सांगत असतील असं मी धरून चालले.

आता आत्याबद्दल सांगायला हवं. ती आप्पांची थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून राहायची. लग्नं जमवणं हा तिचा धंदा नव्हता, नादच होता. एक पैसा घ्यायची नाही. पण तिची एक रीत होती आणि त्या रीतीपुढं कुणाचं काही चालायचं नाही. पसंती व्हायच्या आधी दोन्हीकडच्यांना समोरासमोर बसवून ती म्हणायची, “आता आपापलं उनं सांगा.” मग मुलीकडच्यांनी मुलीचं आणि मुलाकडच्यांनी मुलाचं काय उणं असेल ते सगळ्यांच्या देखत बोलायचं. मुलगा घोरतो, मुलीला एका कानानं कमी ऐकू येतं, सासूच्या तोंडाचा पट्टा सुटतो, जे असेल ते. ते झाल्याशिवाय आत्या सुपारी फोडू द्यायची नाही. एकदा एका मोठ्या बागायतदारानं “आमच्यात काही उणं नाही” असं छाती काढून सांगितलं, तर आत्या मुलीच्या बापाला घेऊन भरल्या ताटावरून उठून आली होती.

ही बाई माझ्या मुलाखतीला येत होती, आणि मी खुशीत होते!

मिरजेहून आम्ही गाडी धरली. सबंध प्रवासात आत्या मला एकच गोष्ट बजावत होती. “दिवानखान्यात बघायचं नसतं. दिवानखाना समद्यांचाच चांगला असतोय. मोरी बघायची, मागचं दार बघायचं.”

कॉलेज शहराबाहेर होतं. दगडी इमारत, समोर लांबच लांब गुलमोहर, आणि दारातच एका चौथऱ्यावर खरंखुरं जुनं विमान. मी त्याच्याकडं धावले. आत्यानं माझ्या दंडाला धरून मला मागं ओढलं. “ह्यो दिवानखाना,” ती म्हणाली. “चल मागं.”

मुलाखतीला अजून वेळ होता. तेवढ्यात आत्यानं मुलींच्या होस्टेलचं मागचं दार शोधून काढलं. नळ सोडून पाण्याचा जोर पाहिला. दोरीवरचे कपडे पाहिले आणि “पोरी लई थोड्या हायेत हितं,” असं पुटपुटली. मग ती भटारखान्यात शिरली. तिथला आचारी फक्त कानडी बोलायचा आणि आत्या फक्त मराठी, पण सावकाश आणि मोठ्यानं. तिनं पळी घेऊन सार चाखलं, डोळे मिटले, आणि त्याला विचारलं, “ह्यात डाळ कवा पडली हुती?” तो खो खो हसला. त्याला काय कळलं देव जाणे, पण त्यानं आतून लोणच्याची बरणी काढून तिच्या तळहातावर एक फोड ठेवली. आत्यानं ती खाल्ली आणि मान डोलावली. “मानूस चांगला हाय. साराचं बघता यील.”

मी मनातल्या मनात एक गुण वाढवला.

मुलाखत घेणारे प्राध्यापक कट्टी म्हणजे साठीला टेकलेले, पांढरा शर्ट, कपाळावर बारीक गंधाचा टिळा. मी इंग्रजीत “गुड मॉर्निंग सर” म्हटलं. त्यांनी माझं गाव विचारलं आणि आत्याकडं पाहून एकदम मराठीत शिरले.

“बसा की हो बाई. मी धारवाडचा. आमच्या घरी निम्मं मराठीच. गावाकडं पाऊसपाणी काय म्हणतंय?”

आत्या खुर्चीत मांडी घालून बसली. भाषेची अडचण मिटल्यावर तिला आता कुणी आवरू शकणार नव्हतं.

कट्टी सरांनी मला विचारलं, “विमानंच का गं? सगळी पोरं आता कॉम्प्युटर म्हणतात.”

पाठ केलेली सगळी उत्तरं मी विसरले. मी त्यांना बांधाला घासलेला पंख सांगितला, फासळ्या सांगितल्या, भोकं सांगितली.

“मग? का असतील ती भोकं?”

“वजन कमी करायला,” मी म्हटलं.

“वजन कमी झालं. ताकदपण कमी झाली की मग.”

मी विचार करत राहिले. सर वाट पाहत राहिले. “सर,” मी म्हटलं, “फासळी वाकायला लागली तर सगळा ताण तिच्या वरच्या आणि खालच्या कडेला येत असणार. मधल्या पत्र्याला त्यामानानं काम कमी. कमी कामाच्या जागचा पत्रा काढून टाकला तर बिघडलं कुठं?”

कट्टी सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हे कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. आत्ताच सुचलं.”

त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मला अजून आठवतं. मला वाटलं, झालं, जिंकले. आणि नेमकी तेव्हाच आत्या खाकरली.

“सायेब, पोरगी हुशार हाय. ते तुमाला दिसलं. आता तिचं उनं सांगते.”

“आत्या!” मी तिचा पदर ओढला. तिनं तो सोडवून घेतला.

“सकाळी उठवाय लागतं. भाकरी गोल येत न्हाई.”

“भाकरी आमच्या सिलॅबसमध्ये नाही हो बाई,” सर म्हणाले.

“आईका तर. चुकली तर चुकले म्हनत न्हाई, फुगून बसती. आनि सगळ्यात मोठं म्हंजे हातातलं अर्ध्यावर सोडती. पेटी शिकाय लागली, सोडली. स्वेटर इनायला घेतला, त्याला अजून एकच बाही हाय. चित्रकलेच्या दोन परीक्षा द्यायच्या, तर एकच दिली.”

त्या खोलीतली फरशी दुभंगावी असं मला झालं. कट्टी सर मात्र हसले नाहीत. त्यांनी आत्याचं सगळं नीट ऐकून घेतलं आणि माझ्याकडं वळून विचारलं, “खरं आहे?”

मला ‘नाही’ म्हणायचं होतं. “खरं आहे,” मी म्हटलं.

“हे शेवटचं उणं जरा भारी आहे,” ते आत्याला म्हणाले. “इथं अर्ध्यावर सोडणारे फार असतात.”

“म्हनून तर सांगितलं. आता तुमचं सांगा.”

“आमचं?”

“तुमच्या कॉलेजचं. काय उनं हाय ते सांगा. आमची रीत हाय ती. न्हाई सांगितलं तर आमी उठतो.” आणि ती खरोखरच खुर्चीतून एक पाय खाली सोडून बसली.

कट्टी सरांनी तोंड खिडकीकडं वळवलं. त्यांना राग आला असेल असं मला वाटलं. मग ते उठले, दार लोटून घेतलं, आणि पुन्हा येऊन बसले.

“सांगतो. कॉलेजच्या पुस्तिकेत आमच्या विंड टनेलचा फोटो आहे. म्हणजे विमानाच्या मॉडेलवर वारा सोडून बघायचा मोठा बोगदा. त्याचा पंखा गेल्या वर्षापासून बंद आहे. दुरुस्तीला मंजुरी मिळायची आहे. कधी मिळेल सांगता येत नाही.”

“बरं. अजून?”

“विमानाच्या शाखेला मुली येत नाहीत. गेल्या वर्षी एक आली होती, तिला करमलं नाही, गेली. विमानं बनवणाऱ्या जागा आपल्या देशात बोटावर मोजण्याइतक्या. शिकून झाल्यावर नोकरीसाठी वर्ष, दोन वर्षंसुद्धा थांबावं लागतं. निम्मी मुलं शेवटी कॉम्प्युटरकडं वळतात.”

“अजून?”

टेबलावरचा चष्मा सरांनी उचलून पुन्हा तिथंच ठेवला. “अजून एक आहे. माझ्या स्वतःच्या मुलाला मी इथं घातलेलं नाही.”

आत्यानं दुसरा पायही खाली सोडला. “का?”

“मी त्याला विचारलं. तो नको म्हणाला. त्याला बँकेत जायचं होतं.”

“इचारलं?” आत्या म्हणाली. “आनि तो नको म्हनाला म्हनून न्हाई घातलं?”

“मग काय करणार हो? शिकायचं त्याला आहे.”

आत्या उठली, हात जोडले, आणि मला घेऊन बाहेर पडली. जाता जाता सर मला म्हणाले, “आमच्याकडून जागा तुझी. सोमवारपर्यंत कळव.”

गुलमोहराखालच्या बाकावर बसून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. म्हणजे आत्यानं खाल्ली. मी हातातली दशमी नुसती कुस्करत होते. बंद पडलेला बोगदा, सोडून गेलेली मुलगी, दोन वर्षं बिननोकरीची. आत्याला नकार द्यायला एवढं रग्गड होतं.

“हेमे,” आत्या म्हणाली, “तुझ्या बापानं मला नकार आनायला पाठवलंय.”

“काय?”

“त्या दिशी गाडीपाशी नेऊन त्येच सांगितलं मला. आक्का, काय बी खोट काढ पन न्हाई म्हनून ये. माझ्या तोंडानं मला तिला न्हाई म्हनवत न्हाई.” तिनं चटणीची बोटं पुसली. “म्हटलं, खोट काढायची म्हंजे माझ्या हातचा मळ. आनि हितं तर ह्या मास्तरनं सोताच्या हातानं ताट भरून दिलं.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आप्पांचा राग आला, आत्याचा आला, आणि ‘कबूल’ म्हणून नाचणाऱ्या माझा तर सगळ्यात जास्त आला. “मग सांग जाऊन नाही म्हणून,” मी म्हटलं आणि तिच्या म्हणण्याप्रमाणं फुगून बसले.

आत्यानं चौथऱ्यावरच्या विमानाकडं पाहिलं. मग ती हळूच बोलली, तिच्या नेहमीच्या पट्टीत नव्हे.

“माझं लगीन ठरलं तवा मी परसात भुईमुगाच्या शेंगा फोडत हुते. बाहेर बैठक बसलेली. शेंगा फोडून झाल्या, सूप घेऊन आत आले, तर सुपारी फुटली हुती. मालक माझे चांगले निघाले, तक्रार न्हाई माझी. पन हेमे, एवढी लग्नं जमवली मी. दोनी घरांची उनी इचारली, रंग इचारला, रान इचारलं. पोरीला मातूर कवाच न्हाई इचारलं. सुचलंच न्हाई गं मला. आनि त्या मास्तरनं पोराला इचारलं, आनि पोरानं न्हाई म्हटलं, तर ऐकलं.”

ती माझ्याकडं वळून बसली. “बोगदा बंद हाय. करमनार न्हाई. नोकरीचं खरं न्हाई. तू अर्ध्यावर सोडनारी. समदं उघडं पडलंय. आता बोल. तुला पसंत हाय का?”

इतके दिवस मी सगळ्यांना विमान, पंख, आकाश असं काय काय ऐकवत होते. पण असं सरळ कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारल्यावर मला एकदम भीती वाटली. आता नको म्हणायचीही सोय होती. कराडची जागा हातात होती. मी त्या विमानाकडं पाहिलं नाही, मला कट्टी सरांची ती वाट बघत थांबलेली नजर आठवत होती.

“पसंत आहे,” मी म्हटलं. “आणि दुसरी बाहीपण विणीन.”

“बाही ऱ्हाऊ दे,” आत्या म्हणाली. “त्या लोकरीला कसर लागली.”

घरी पोचलो तर आप्पा सोप्यात येरझाऱ्या घालत होते. आत्यानं पाय धुतले, पाणी प्यायली, भिंतीला टेकून बसली. आई दारात उभी राहिली.

“काय निघालं आक्का?” आप्पांनी विचारलं.

आत्यानं एकेक सांगायला सुरुवात केली. बोगदा, मुली, नोकऱ्या, सारातली डाळ, मास्तरांचा मुलगा. प्रत्येक खोटीला आप्पांचा चेहरा उजळत होता. मास्तरांच्या मुलापाशी तर त्यांनी मांडीवर थाप मारली. “बघ! त्यांचा स्वतःचा पोरगा नाही तिथं! मग नकोच झालं. तू दमलीस आक्का, चहा घे.”

“थांब दत्ता. पोरीला पसंत हाय.”

“पोरीला कुणी विचारलं?”

“मी.”

आप्पांनी तिच्याकडं असं पाहिलं की जणू तिनं भर चौकात रिव्हर्स गिअर टाकला. “तू?”

“व्हय. पोरीचं उनं सांगून झालं, कॉलेजनं त्यांचं सांगितलं. आता तुझं ऱ्हायलंय. तुझं सांग, मग मी काय ते बोलते.”

“माझं काय उणं?”

“नकार आनायला मला का धाडलंस ते.”

“लांब आहे,” आप्पा म्हणाले.

“हे कॉलेजचं उनं झालं. तुझं सांग.”

“तिथलं खाणं…”

“ते बी कॉलेजचं. तुझं सांग दत्ता.”

आप्पा खाली बसले. इतका वेळ मी रागात होते, पण ते ज्या तऱ्हेनं बसले ते पाहून माझा राग पातळ झाला. त्यांनी फरशीकडं बघत बोलायला सुरुवात केली.

“मला भीती वाटते.”

“बंगलोरची?” आईनं विचारलं.

“नाही. शिकाऊंची.”

आत्या भिंतीचा टेकू सोडून पुढं सरकली.

“रोज सकाळी कुणीतरी नवीन माणूस स्टेअरिंगला बसतो आणि मी त्याच्या शेजारी. माझा पाय आपोआप ब्रेक दाबायला बघतो. पहिल्या दिवशीची भीती अजून आहे. इतकी वर्षं झाली, जात नाही. कुणाला सांगणार? भोईटे मास्तर भितो म्हटल्यावर कोण येणार शिकायला?” त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. “ही मागं असली की आरशात दिसते. ही हसत असली की वाटतं, काही होत नाही. हिच्यासमोर भ्यायचं नाही म्हणून मी धीट होतो. हिला शिकायला नेत होतो असं तुम्हाला सांगितलं, ते खोटं. ही माझ्यासाठी यायची.”

मला रडूच फुटलं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. “आप्पा, मी कराडलाच जाते.”

“हो का?” त्यांनी डोळे पुसले. “मीही तेच ठरवलं होतं. म्हटलं, कराड जवळ आहे. दर शनिवारी येशील, रविवारी बसशील मागं.”

“अहो,” आई दारातून म्हणाली, “रविवारी आपलं स्कूल बंद असतं.”

आप्पा तिच्याकडं बघत राहिले. इतक्या दिवसांच्या त्यांच्या सगळ्या आखणीत ही गोष्ट त्यांच्या लक्षातच आली नव्हती! आधी आत्याला हसू फुटलं, मग आईला, आणि रडता रडता मला. शेवटी आप्पाही हसायला लागले आणि हसता हसता कपाळावर हात मारून घेत राहिले.

“म्हंजे पोर कराडला गेली काय नि बंगलोरला गेली काय, मागची शीट मोकळीच,” आत्या म्हणाली. “मग जाऊ दे की तिला हव्या त्या गावाला. मागं मी बसते.”

“तू?”

“का? मला आरशात बघवत न्हाई व्हय तुला?”

तिनं चंची उघडली आणि तिथल्या तिथं सुपारी फोडली. आईनं साखर आणली. सोमवारची वाट न बघता आप्पा स्वतः टेलिफोन बूथवर गेले आणि कट्टी सरांना मराठीत ओरडून सांगून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं चप्पल घालून दारात आले, तर फियाट निघायच्या तयारीत होती. स्टेअरिंगला दोशी मास्तर बसले होते, हायस्कुलातले भूगोलाचे. त्यांचा पहिला दिवस होता. मागं आत्या बसली होती, चंची मांडीवर, दोन्ही हातांनी पुढची सीट घट्ट धरून, डोळे गच्च मिटून. ओठ हलत होते. बहुधा देवाचं नाव घेत होती.

दोशी मास्तरांनी क्लच सोडला आणि गाडी गचका खाऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. आप्पांनी आरशात पाहिलं. आरशात त्यांना काय दिसलं असेल ते मला दारातून कळत होतं. त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी मान वळवून दाराकडं, माझ्याकडं पाहिलं.

मी पायरी उतरलेही असते. आईनं मागून माझा हात धरला.

आप्पा क्षणभर तसेच बघत राहिले. मग वळून नीट सावरून बसले आणि त्यांनी दोशी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला.

“मास्तर, घाबरायचं नाही,” ते म्हणाले. “मी आहे.”

गाडी सुरू झाली आणि कोपऱ्यापर्यंत सरळ गेली.